स्पॅनिश शिकवणीतला लाडाच्या शब्दांचा पाठ

एका ऑनलाइन संस्थेच्या प्राथमिक स्पॅनिश अभ्यासक्रमातील सर्वांत उजवा भाग म्हणजे मुलांना लाडाने हाक मारण्याच्या शब्दांवरील पाठ होय. ‘मी इहो’, म्हणजे ‘माझ्या मुला’, हे शब्द मेक्सिकोत बोलताबोलता ‘मिहो’ कसे होतात आणि शेजारची आजीही परक्या पोराला तीच हाक कशी मारते, हे शिक्षिकेने प्रत्यक्ष उच्चारून दाखवले. पोर्तो रिकोत आई आपल्या चिमुकल्यालाच ‘पापी’, म्हणजे ‘बाबा’, आणि लेकीला ‘मामी’, म्हणजे ‘आई’, म्हणते, याचे वर्गात अनेकांना नवल वाटले. ‘जेव गं माझी आई’ म्हणून लेकीची मनधरणी करणाऱ्या आपल्याला खरे तर ते वाटायला नको होते. ‘मी रेय’साठी तर आपला ‘माझा राजा’ तयारच आहे.

छापील टिपणे मात्र निष्काळजीपणे केलेली आहेत. ‘ग्वाग्वा’ म्हणजे ‘तान्हे बाळ’ एवढेच त्यांत दिले असून, केचुआ भाषेतून आलेला हा अर्थ अँडीज पर्वतराजीच्या प्रदेशातला आहे आणि क्युबात त्याच शब्दाचा अर्थ बस असा होतो, याचा उल्लेखच नाही. ‘गोर्दितो’, म्हणजे ‘गुबगुब्या’, हा शब्द काडीसारख्या मुलालाही लावतात, हेही विचारल्यावरच कळले. शुल्क वाजवी आहे. टिपणे सुधारेपर्यंत स्वतःची वही जवळ ठेवावी.