सोमवारी तीन ते पाच : सरकारी फाइल पाहण्याची फुकट सेवा

महेश झगडे आयुक्त असताना पुणे महापालिकेत आठवड्यातून एकदा नागरिकांना फायली दाखवायला सुरुवात झाली. नोव्हेंबर 2018च्या परिपत्रकाने राज्यातल्या जिल्हास्तरीय कार्यालयांना आणि स्थानिक स्वराज्य संस्थांना ती पद्धत लागू केली. सोमवार, दुपारी 3 ते 5. अर्ज नको, शुल्क नको. वस्तीत संघटनेचं काम करणाऱ्यांसाठी मोर्चाच्या परवानगीपेक्षाही उपयोगाची ही सोय आहे. पण तिच्या भरवशावर तयारीशिवाय गेलात तर दोन तास खुर्चीत बसून परत याल.

सर्वांत जास्त फसतं ते मागणीच्या शब्दांत. ‘आमच्या गल्लीतल्या रस्त्याची माहिती’ म्हटलं की या टेबलावरून त्या टेबलावर फिरवतात. कामाचं नाव, आर्थिक वर्ष आणि प्रभाग कागदावर लिहून न्या आणि कागदपत्रांची नावं घेऊन मागा : प्रशासकीय व तांत्रिक मान्यता, अंदाजपत्रक, कार्यादेश, मोजमाप पुस्तिका, देयकं. यातली मोजमाप पुस्तिका, म्हणजे एमबी, हाच खरा माल. बाकी फाइल समोर येते आणि एमबी मात्र ‘अभियंत्यांकडे आहे’ असं उत्तर येतं. म्हणून तीच आधी मागा.

एमबीतली लांबी, रुंदी, जाडी उतरवून घ्या आणि जागेवर टेप लावा. समजा नोंद 120 मीटर × 3 मीटर × 0.15 मीटर, म्हणजे 54 घनमीटर काँक्रीट. जाडी 10 सेंटिमीटरच भरली तर 36 घनमीटर. बिलातले 18 घनमीटर गेले कुठे, हा प्रश्न प्रभागाच्या बैठकीत कोणालाही समजतो. जाडी पाहायला रस्ता फोडायची गरज नसते, गटाराच्या किंवा तुटलेल्या कडेला ती दिसते. मात्र एका ठिकाणच्या मापावर आरोप करू नका. चार-पाच ठिकाणी मोजून सरासरी काढा.

राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटनेने 1994मध्ये कोट किराना गावच्या जनसुनवाईत, म्हणजे जाहीर सुनावणीत, हेच केलं : हजेरीपट आणि बिलं गावासमोर मोठ्याने वाचली. वाचून दाखवल्यावर गावकरीच सांगू लागतात की हा माणूस कामावर नव्हताच. कागद कार्यकर्त्याच्या पिशवीतच राहिला तर ती नुसती तक्रार उरते. सोमवारी वाचलेलं त्याच आठवड्यात चौकात वाचून दाखवा.

फाइल ‘ऑडिटला गेली’ असेल तर तसं लेखी मागा. ते मिळत नसेल तर माहिती अधिकाराचा अर्ज, जोडपत्र ‘अ’, शुल्क 10 रुपये. राज्याच्या 2012च्या नियमानुसार एकच विषय आणि 150 शब्दांची मर्यादा, त्यामुळे इतिहास न लिहिता ‘अमुक कामाच्या एमबीची पाहणी करायची आहे’ एवढंच लिहा. 30 दिवसांत उत्तर नाही तर पुढच्या 30 दिवसांत पहिलं अपील. मुदत उलटल्यावर प्रती फुकट मिळायला हव्यात, कलम 7(6). त्याच नियमांनुसार पाहणीला फक्त पेन्सिल आत नेता येते, पेन बाहेर ठेवायचं. विनोदी वाटतं खरं, पण दोन टोकदार पेन्सिली खिशात असू द्या.

एकट्याने जाऊ नका. तळेगाव दाभाडेचे माहिती अधिकार कार्यकर्ते सतीश शेट्टी यांची जानेवारी 2010मध्ये हत्या झाली, तेव्हापासून हा सल्ला नुसत्या सोयीचा राहिलेला नाही. तिघे-चौघे जा, माहिती अधिकाराचे अर्ज प्रत्येकाने आपापल्या नावाने करा, टिपणाच्या प्रती लगेच वाटा.

सेवेत दोन उणिवा. नकार मिळाला तर सोमवारच्या पाहणीवर थेट अपील नाही, अर्जापासूनच सुरुवात करावी लागते. दुसरी अडचण नावांची. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने माहिती अधिकार कायद्याचं कलम 8(1)(ञ) बदललं, त्यामुळे वैयक्तिक माहिती म्हणून नावं झाकायला कार्यालयांना मोठी ढाल मिळाली आहे. अनुदानाच्या लाभार्थ्यांची यादी हवी असेल तर मागणीत कलम 4(1)(ब) जरूर लिहा. तो तपशील कार्यालयाने स्वतःहून जाहीर करायचा असतो.