३६ पाकिटे, ६१२ कार्डे : टॉप्सच्या १९८७ सालच्या बंद खोक्याचा अनुभव

टॉप्स कंपनीने १९८७ साली काढलेल्या बेसबॉल कार्डांचा (खेळाडूंची छायाचित्रे आणि आकडेवारी छापलेल्या, संग्रहासाठी जमवल्या जाणाऱ्या कार्डांचा) एक न उघडलेला खोका मी गेल्या हिवाळ्यात पिट्सबर्गजवळ भरलेल्या कार्डांच्या प्रदर्शन-विक्रीत ४५ डॉलरला विकत घेतला आणि त्यातील पाकिटे दर रविवारी साधारण सहा याप्रमाणे सहा आठवडे उघडली. एका बैठकीत सगळी उघडून टाकणे शक्य होते. परंतु ज्या वस्तूची घडी जवळजवळ चार दशके कोणी मोडलेली नाही, ती घाईने मोडू नये असे मला मनापासून वाटले. या खोक्यातून माझ्या संग्रहात काय आले, काय आले नाही आणि ज्यांना असा खोका घ्यावासा वाटतो त्यांनी कशाची खात्री करून घ्यावी, हे येथे सविस्तर लिहीत आहे.

प्रथम वस्तूचे स्वरूप सांगतो. मेणकागदात गुंडाळलेल्या प्रत्येक पाकिटात १७ कार्डे आणि च्युइंगगमची एक पातळ पट्टी असते, म्हणजे एका खोक्यात ६१२ कार्डे होतात. पूर्ण संच मात्र ७९२ कार्डांचा आहे, कारण त्या काळी टॉप्स १३२ कार्डांचा एक, असे सहा मोठे तक्ते छापून ते कापत असे. त्यामुळे एका खोक्यातून संच पूर्ण होणे गणितानेच अशक्य आहे, आणि त्यात दुबार कार्डे निघतात ती वेगळीच. विकत घेणाऱ्याने हे आधीच मनाशी पक्के करावे. अन्यथा शेवटचे पाकीट उघडल्यावर पदरी निराशा येते.

या वर्षीच्या कार्डांची ओळख म्हणजे त्यांची लाकडी कड. कार्डाच्या चारही बाजूंना तपकिरी लाकडाच्या रेषांची नक्षी छापलेली आहे, वरच्या डाव्या कोपऱ्यात वर्तुळात संघाचे चिन्ह आहे आणि खालच्या उजव्या बाजूला रंगीत पट्टीत खेळाडूचे नाव आहे. ही कल्पना टॉप्सने स्वतःच्याच १९६२ सालच्या कार्डांवरून घेतली होती. आज चकचकीत, सोनेरी मुलाम्याची, क्रमांक घालून मोजकीच छापलेली कार्डे बाजारात भरपूर आहेत, तरीही टेबलावर ही लाकडी कडेची कार्डे पसरली की ती एखाद्या जुन्या दिवाणखान्यातील तसबिरींसारखी दिसतात, आणि माझ्या मते त्या दशकातील दुसरी कोणतीही रचना इतकी टिकाऊ ठरलेली नाही. मागची बाजू करड्या, खरखरीत पुठ्ठ्याची आहे आणि तिच्यावर खेळाडूची वर्षनिहाय आकडेवारी छापलेली आहे. बेसबॉल मला कळू लागला तो सामने पाहून जितका, तितकाच या मागच्या बाजूंचे वाचन करून.

मी १९९८ साली पिट्सबर्गला आलो. त्या उन्हाळ्यात मार्क मग्वायर आणि सॅमी सोसा या खेळाडूंत होमरनची, म्हणजे चेंडू मैदानाच्या कुंपणापार टोलवण्याची, चढाओढ लागली होती, मग्वायरने ७० होमरनचा विक्रम केला होता आणि कार्यालयात जेवणाच्या सुटीत दुसरा विषय नसे. मला मात्र आपला वाटला तो पिट्सबर्गचा पायरेट्स संघ, जो १९९३ पासून २०१२ पर्यंत सलग २० हंगाम जिंकलेल्यांपेक्षा अधिक सामने हरत राहिला. अशा संघाच्या कार्डांना भाव नसतो, आणि म्हणूनच मोजक्या पैशांत संग्रह सुरू करू पाहणाऱ्या नवख्या माणसाला ती परवडतात. गेल्या दोन दशकांत दहा-दहा सेंटच्या डब्यांतून आणि लोकांनी घरापुढे मांडलेल्या जुन्या सामानातून मी १९८७ च्या संचातील ५११ कार्डे गोळा केली होती. उरलेली २८१ सुटी विकत घेणे सहज शक्य होते. तसे करावेसे वाटले नाही, कारण यादी पाहून मागवलेले कार्ड आणि स्वतः पाकीट उघडून सापडलेले कार्ड ही माझ्या लेखी दोन वेगळी कार्डे आहेत.

हा खोका इतका स्वस्त का मिळतो, याचे कारण कार्डांच्या इतिहासात आहे. टॉप्सच्या १९५२ सालच्या संचातील मिकी मँटल या गाजलेल्या खेळाडूचे ३११ क्रमांकाचे कार्ड दुर्मीळ झाले, कारण त्या मालिकेची न खपलेली कार्डे १९६० साली कंपनीने नौकेतून नेऊन समुद्रात टाकून दिली. त्याच कार्डाची एक उत्तम प्रत २०२२ साली लिलावात १ कोटी २६ लाख डॉलरला गेली. जुन्या कार्डांना मोठी किंमत येते ही बातमी १९८० च्या दशकात घरोघरी पोहोचली, लोकांनी नवी कार्डे खोक्यांसह जपून ठेवायला सुरुवात केली, आणि १९८१ पासून फ्लीअर व डॉनरस या कंपन्याही स्पर्धेत उतरल्यामुळे छपाई वाढत गेली. सर्वांनीच जपून ठेवले म्हणून काहीच दुर्मीळ राहिले नाही. गुंतवणूक म्हणून ज्यांनी तेव्हा हे खोके माळ्यावर ठेवले त्यांचे नुकसान झाले. उघडण्याच्या आनंदासाठी आज ते घेणाऱ्याचा मात्र त्यात फायदाच आहे.

आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा, म्हणजे खोका खरोखर न उघडलेला आहे की नाही. चार वर्षांपूर्वी मी असाच एक खोका एका विक्रेत्याकडून घरपोच मागवला होता आणि त्यात फसलो होतो. छत्तीस पाकिटांत या संचातील गाजलेल्या खेळाडूंपैकी बॅरी बाँड्स नाही, मग्वायर नाही, होसे कॅनसेको नाही, विल क्लार्क नाही, असे योगायोगाने घडत नाही. पाकिटे आधी उघडून, हवी ती कार्डे काढून घेऊन मेणकागद पुन्हा ऊब देऊन चिकटवलेला होता. तेव्हा लक्षात न आलेली खूण आता सांगतो. मेणकागदाची घडी पाकिटाच्या एकाच बाजूला येते, त्यामुळे मेणाचा ठसा टोकाच्या एकाच कार्डाच्या पाठीवर उमटला पाहिजे आणि त्याचा आकार कागदाच्या घडीशी जुळला पाहिजे. ठसा दुहेरी असेल, घडीपासून सरकलेला असेल किंवा गमची पट्टी एका कार्डाला चिकटलेली असून डाग मात्र दुसऱ्याच कार्डावर असेल, तर ते पाकीट कोणीतरी हाताळलेले आहे असे समजावे. या वेळी प्रदर्शनात मी विक्रेत्याला एक पाकीट समोरच उघडू देण्याची विनंती केली, त्याने ती आनंदाने मान्य केली आणि मेणाचा ठसा नीट जुळलेला पाहूनच मी पैसे दिले.

खोक्याचा हिशेब असा लागला. ६१२ कार्डांपैकी ५६३ वेगवेगळी आणि ४९ दुबार निघाली, आणि हे प्रमाण मला समाधानकारक वाटते. त्यांपैकी १९७ कार्डे माझ्याकडे मुळीच नव्हती. शिवाय ६० कार्डे माझ्याकडील जुन्या, कोपरे झिजलेल्या प्रतींपेक्षा कितीतरी चांगली असल्यामुळे त्यांची अदलाबदल केली. ३१ कार्डांवर गमचा तपकिरी डाग आहे, आणि तो कोणत्याही उपायाने जात नाही. मेणाचे मात्र तसे नाही : कार्डाच्या गुळगुळीत दर्शनी बाजूवर लागलेले मेण नायलॉनच्या पातळ मोज्याने हलक्या हाताने पुसले की निघून जाते, खरखरीत पाठीत मुरलेले मेण सोडून द्यावे. चार दशकांनंतर गमची काच झालेली असते, बोट लावताच तिचे तुकडे पडतात. ती तोंडात घालू नये, आणि तिचा चुरा कार्डांवर सांडू नये म्हणून पाकीट ताटलीवर उघडावे.

छपाईतील मुख्य दोष म्हणजे कापणीचा. लाकडी कड एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला बारीक असलेली कार्डे माझ्या खोक्यात तिसऱ्या हिश्श्याहून अधिक होती. माझ्या वाट्याला आलेला ३२० क्रमांकाचा बॅरी बाँड्सही तसाच डावीकडे सरकलेला आहे. पायरेट्ससाठी १९८६ साली पहिला हंगाम खेळताना त्याने १६ होमरन काढले होते आणि पुढे कारकीर्द ७६२ वर संपवली. उत्तेजक द्रव्यांच्या प्रकरणामुळे त्याच्याबद्दल लोकांची मते टोकाची आहेत आणि मलाही त्या प्रकरणाचे वाईट वाटते. परंतु त्या कार्डावरचा तरुण अजून त्या सगळ्याच्या अलीकडे उभा आहे, म्हणून ते कार्ड मी सरकलेल्या कडेसह अल्बममध्ये लावले. मग्वायर, ३६६ क्रमांक, दोनदा आला. नवख्या उत्कृष्ट खेळाडूंसाठी असलेला सोनेरी चषक छापलेला कॅनसेको एकदा आला. ‘फ्यूचर स्टार्स’ (भावी तारे) अशी रंगीत अक्षरे असलेला १७० क्रमांकाचा बो जॅक्सन मात्र आला नाही.

पायरेट्सच्या संग्राहकाला या संचात आणखी एक मौज आहे. १९८६ साली संघ ६४ सामने जिंकून आणि ९८ हरून तळाला होता आणि जिम लेलंड यांचे व्यवस्थापक म्हणून ते पहिलेच वर्ष होते. १ एप्रिल १९८७ रोजी संघाने आपला लोकप्रिय कॅचर (फलंदाजाच्या मागे बसून चेंडू झेलणारा खेळाडू) टोनी पेन्या सेंट लुईस कार्डिनल्स संघाला देऊन अँडी व्हॅन स्लाइकसह तीन खेळाडू घेतले. कार्डे तोवर छापून झालेली होती. त्यामुळे त्या उन्हाळ्यात ज्या मुलांनी पाकिटे उघडली, त्यांना पेन्या पायरेट्सच्या गणवेशात आणि व्हॅन स्लाइक कार्डिनल्सच्या गणवेशात मिळाला. पुढे पायरेट्सकडून खेळलेला डग ड्रेबेकही येथे न्यूयॉर्क यांकीज संघाचाच आहे. ज्या संघाने १९९० पासून सलग तीन वर्षे आपला विभाग जिंकला, त्याची माणसे या संचात अशी विखुरलेली आहेत, आणि ती मागाहून गोळा करताना संघाची बांधणी कशी झाली असेल ते हाताला कळत जाते. संच क्रमांकानुसार लावावा की संघानुसार, हा प्रश्न माझ्यापुढे तेव्हाच उभा राहिला. मी क्रमांकाचा मार्ग पत्करला आणि दुबार आलेल्या प्रतींतून पायरेट्सची वेगळी पाने केली.

साताऱ्याला माझ्या वडिलांचा टपाल तिकिटांचा अल्बम होता आणि तिकीट बोटाने उचललेले त्यांना खपत नसे, चिमटाच लागे. कार्डांना चिमटा लावू नये, कारण त्याने कोपरा दबतो. मात्र वडिलांची शिस्त येथेही कामी येते. हात धुऊन कोरडे करावेत, कार्ड नेहमी कडांनी धरावे, आणि नऊ कप्प्यांची प्लॅस्टिकची पाने घेताना ती पीव्हीसीची नाहीत हे पाहावे, कारण जुनी पीव्हीसीची पाने कालांतराने चिकट होऊन कार्डाची चमक ओढून घेतात. पॉलिप्रॉपिलीनची पाने थोडी महाग पडतात, पण तेथे काटकसर करू नये. या संचातील कार्डे तपासून त्यांचा दर्जा ठरवणाऱ्या कंपन्यांकडे श्रेणी ठरवून घेण्यासाठी पाठवण्यात मला अर्थ दिसत नाही. एखादे अगदी निर्दोष कार्ड सोडले, तर शुल्कच कार्डाच्या किमतीपेक्षा अधिक होते.

ज्यांना हीच रचना अधिक देखण्या रूपात हवी आहे, त्यांच्यासाठी त्याच वर्षी टॉप्सने पांढऱ्या शुभ्र पुठ्ठ्यावर चकाकी देऊन ‘टिफनी’ नावाचे ३०,००० संच काढले होते. ते पूर्ण संच म्हणूनच विकले गेले, त्यांत पाकीट उघडणे नाही, म्हणून मी त्यांच्या वाटेला गेलो नाही. ज्यांना केवळ संच पूर्ण करायचा आहे, त्यांनी हा खोकाही घेऊ नये, कारण कारखान्यातून भरून आलेला साधा पूर्ण संच सहज मिळतो आणि त्यात गमचे डाग नसतात. लहान मुलांबरोबर बसून काही रविवार घालवू इच्छिणाऱ्याला, किंवा माझ्यासारखा अर्धा संच हाताशी असलेल्याला, मी हा खोका निःसंकोचपणे सुचवीन.

पाचव्या रविवारी, एकोणतिसाव्या पाकिटातून, ३१३ क्रमांकाचे कार्ड निघाले. या संचात जुन्या हंगामांच्या स्मरणार्थ ३११ ते ३१५ अशी पाच कार्डे आहेत आणि त्यांतील हे पायरेट्सचे थोर खेळाडू रोबर्टो क्लेमेंटे यांचे, १९७२ सालाचे स्मरण करणारे. ३० सप्टेंबर १९७२ रोजी थ्री रिव्हर्स स्टेडियममध्ये त्यांनी आपला ३,००० वा हिट, म्हणजे बाद न होता तळ (बेस) गाठून देणारा फटका, मारला, आणि निकाराग्वातील भूकंपग्रस्तांसाठी मदत घेऊन निघालेले त्यांचे विमान त्याच वर्षाच्या ३१ डिसेंबरला समुद्रात कोसळले. आजही पायरेट्सच्या मैदानाकडे जाताना आम्ही त्यांच्या नावाच्या पुलावरून चालत जातो, आणि आत उजव्या बाजूची भिंत त्यांच्या २१ क्रमांकाच्या मानार्थ २१ फूट उंच आहे. हे कार्ड बाजारात किरकोळ किमतीला मिळते, तरीही इतकी वर्षे मी त्याचा कप्पा रिकामा ठेवला होता. माझी मुलगी पाकीट उघडत होती, तिने कार्ड कडांनी धरून माझ्यापुढे केले आणि म्हणाली, ‘बाबा, हे तुमचं.’ कोपरे चारही शाबूत आहेत, कड जवळजवळ समान आहे, गमचा डाग नाही.

आता ८४ कार्डे उरली आहेत. त्यांची यादी खिशातल्या पैशांच्या पाकिटात घडी करून ठेवली आहे, आणि बो जॅक्सन तिच्यात सर्वांत वर आहे.