फुकट डेमो, तीन ओटीपी आणि बारा हप्ते: इंग्रजीच्या कोर्सऐवजी कर्ज गळ्यात पडतं ते असं

फोन बहुधा संध्याकाळी येतो. मोबाइलवर स्पोकन इंग्लिशची जाहिरात दिसलेली असते, नंबर टाकलेला असतो. "सर, आज तुमची फ्री लेव्हल टेस्ट आहे, फक्त दहा मिनिटं द्या." इथून ओटीपीपर्यंतचा प्रवास अनेकदा तासाभरात संपतो. तो टप्प्याटप्प्याने समजून घेतला तर मधेच थांबता येतं.

टेस्टमध्ये आधी साधं विचारतात: कुठे राहता, किती दिवस झाले? समोरचा म्हणतो, "आय ॲम लिव्हिंग इन पुणे फ्रॉम टू इयर्स." मग त्याला एक प्रश्न विचारायला सांगतात. तो विचारतो, "व्हेअर यू आर वर्किंग?" मग ऑफिसातल्या एखाद्या मीटिंगबद्दल बोलायला लावतात. "वुई डिस्कस्ड अबाउट सॅलरी." लगेच कौन्सेलर तिन्ही चुका मोजून दाखवतो, स्क्रीनवर लाल पट्ट्यांचा रिपोर्ट येतो आणि 'तुमची लेव्हल ए-वन' (ए-वन, ए-टू, बी-वन, बी-टू अशा चढत्या पायऱ्यांतली सगळ्यात खालची) असं गंभीर आवाजात सांगितलं जातं. ऐकणाऱ्याला वाटतं, या माणसाने आपली नस बरोबर पकडली.

त्याने काहीही पकडलेलं नसतं. या चुका मराठी बोलणारा जवळजवळ प्रत्येक नवशिका करतो, कारण त्या मराठीतून येतात. आपण 'दोन वर्षांपासून' म्हणतो. इंग्रजीत कालावधी सांगायला 'फॉर' लागतं आणि सुरुवातीचा क्षण सांगायला 'सिन्स', म्हणून 'आय हॅव बीन लिव्हिंग इन पुणे फॉर टू इयर्स' किंवा '२०२३ पासून' म्हणायचं तर 'सिन्स २०२३'. मराठीत प्रश्न करताना क्रियापद कर्त्यापुढे उडी मारत नाही. इंग्रजीत मारतं: 'व्हेअर आर यू वर्किंग?' आपण पगाराविषयी चर्चा करतो, त्या 'विषयी'चं 'अबाउट' होतं, पण 'डिस्कस'ला ते लागत नाही. शिवाय मराठीत 'अ' आणि 'द'सारखी उपपदंच नसल्यामुळे ती गळतात. हे निदान छापील असतं. पुढच्या फोनवर दुसऱ्याला हेच ऐकवलं जातं.

पुढे आश्वासन: "९० दिवसांत फ्लुएंट, लिहून देतो." इथे साधा गुणाकार करा. आठवड्याला तीन लाइव्ह क्लास, प्रत्येकी ४५ मिनिटं, तेरा आठवडे. म्हणजे ३९ क्लास आणि जेमतेम २९ तास. इंग्रजीच्या परीक्षा घेणाऱ्या केंब्रिजच्या ढोबळ अंदाजाप्रमाणे ए-टू पातळीपर्यंत यायला मार्गदर्शनाखालचे १८० ते २०० तास लागतात, बी-वनपर्यंत एकूण ३५० ते ४०० आणि बी-टूपर्यंत ५०० ते ६००. इंटरव्ह्यूत न अडखळता बोलणं हे साधारण बी-टूचं काम आहे. रोज तासभर घरी सराव केला तरी ९० दिवसांत आणखी ९० तास होतात, म्हणजे एकूण १२० च्या आत. एवढ्याने ए-टूपासून बी-वनपर्यंतची एक पायरीही पूर्ण होत नाही. मग कोर्सच्या शेवटी 'लेव्हल वाढली' कशी दिसते? पहिली टेस्ट मुद्दाम अवघड असते, तीस सेकंदांत एक असे न ऐकलेल्या वाक्प्रचारांचे प्रश्न. शेवटची टेस्ट क्लासमध्येच घोटवलेल्या वाक्यांवर असते.

आता पैशाचा भाग. सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं.

"एकदम भरू नका ताई, महिन्याला फक्त ३,५०० हप्ता. ऑफर आज रात्री बारापर्यंत." हप्त्याने फी आणि फीसाठी कर्ज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. संस्था स्वतः हप्ते घेत असेल तर तुम्ही क्लास सोडल्यावर भांडण फक्त संस्थेशी राहतं. पण बहुतेक वेळा एखादी वित्त कंपनी तुमच्या नावाने कर्ज मंजूर करते, पूर्ण रक्कम संस्थेला देते आणि तुम्ही त्या कंपनीचे कर्जदार होता. क्लास बंद पडला, शिक्षक बदलले, ॲप उघडेनासं झालं, तरी हप्ता चालूच. फोनवर याला कर्ज म्हणत नाहीत. 'ईएमआय ऑप्शन', 'सीट लॉक', 'फी पार्टनर' असे शब्द वापरतात.

ओळखायची खूण ओटीपीत असते. पॅन आणि आधार मागून पहिला ओटीपी आला की ते केवायसी, म्हणजे कर्जासाठी तुमची ओळख पटवणं. आधारवर आलेला दुसरा ओटीपी म्हणजे बहुधा करारावरची डिजिटल सही. बँकेकडून किंवा डेबिट कार्डावर आलेला तिसरा म्हणजे खात्यातून दरमहा पैसे कापायची परवानगी, म्हणजेच मँडेट. इंग्रजी शिकायला पॅन कार्ड लागत नाही. ते मागितलं त्या क्षणी फोन ठेवा. ओटीपीच्या मेसेजमध्ये कारण लिहिलेलं असतं, तेही आकडा सांगण्याआधी पूर्ण वाचा.

'नो कॉस्ट', म्हणजे बिनव्याजी म्हणून सांगितलेल्या हप्त्याचाही हिशेब करून पाहा. समजा रोखीने तीच फी ३६,००० आहे आणि हप्त्याने बारा गुणिले ३,५००, म्हणजे ४२,०००. सहा हजार जास्त, म्हणजे सतरा टक्के व्याज असं वाटतं. पण मुद्दल दर महिन्याला फिटत जातं, त्यामुळे खरा वार्षिक दर साडेएकोणतीस टक्क्यांच्या आसपास पडतो. प्रोसेसिंग फी आणि तिच्यावरचा जीएसटी वेगळा. म्हणून रोखीचा भाव आधी विचारावा, आणि तो लेखी घ्यावा.

कोर्सच्या आत काय मिळतं हेही थोडं सांगायला हवं, कारण तिथेही माणूस वर्षभर अडकतो. 'पाच हजार शब्द मराठी अर्थासह' ही पीडीएफ हमखास असते. तिच्यात 'मेक' म्हणजे करणे आणि 'डू' म्हणजेही करणे, एवढंच. मग मुलगा 'डू अ मिस्टेक' म्हणतो आणि त्याला शब्द येत असूनही वाक्य येत नाही. शब्द जोडीने शिकायचा असतो: 'मेक अ मिस्टेक', 'डू होमवर्क', 'टेक अ डिसिजन'. रोज दहा जोड्या पुरतात, पण त्याच जोड्या दुसऱ्या दिवशी, चौथ्या दिवशी आणि आठवड्याने, अर्थ झाकून, स्वतःच्या वाक्यात पुन्हा यायला हव्यात. वाचनाचंही तसंच. शंभर शब्दांचा उतारा घ्या, अनोळखी शब्दांवर खुणा करा. पाचाहून जास्त खुणा झाल्या तर तो उतारा तुमच्यासाठी अवघड आहे, सोपा घ्या. पहिल्याच आठवड्यात इंग्रजी वर्तमानपत्राचा अग्रलेख हातात देणारा कोर्स वाचन शिकवत नाही, धास्ती वाढवतो.

पैसे देण्याआधी स्वतःचं खरं मोजमाप करून ठेवा. दोन मिनिटं बोलून रेकॉर्ड करा, दीडशे शब्द हाताने लिहा, दोन्हींवर तारीख टाका. महिन्याने नवा विषय घेऊन हेच करा. चुकांची संख्या आणि अडखळणं मोजलं की क्लासचा रिपोर्ट लागतच नाही. आणि डेमो घेणारा शिक्षकच बॅचला शिकवणार का, बॅचमध्ये किती जण, तुम्ही लिहिलेलं कोण तपासतं, हे व्हॉट्सॲपवर लेखी विचारा. फोनवरची तोंडी उत्तरं नंतर कुणाला आठवत नाहीत.

परदेशी जाणाऱ्यांना वेगळा सापळा असतो: आयईएल्टीएस, म्हणजे त्यासाठी द्यावी लागणारी इंग्रजीची परीक्षा. "परीक्षेला न बसता बँड सात", "फुटलेला पेपर", "प्रेडिक्शन फाइल". निकालपत्र विद्यापीठं आणि व्हिसा कार्यालयं थेट ऑनलाइन पडताळतात, त्यामुळे विकत घेतलेला कागद तिथेच उघडा पडतो. ब्रिटनच्या व्हिसा अर्जात फसवणूक सिद्ध झाली तर दहा वर्षं आणि कॅनडात पाच वर्षं दार बंद होऊ शकतं. पाठ केलेली उत्तरंही टिकत नाहीत. स्पीकिंगची ११ ते १४ मिनिटं समोर माणूस असतो, तो तिसऱ्या भागात तुमच्याच उत्तरातून पुढचे प्रश्न काढतो. निकाल साधारण दोनच वर्षं ग्राह्य धरतात, म्हणून 'आजीवन व्हॅलिड' म्हणणाऱ्याचं ऐकूच नका.

ओटीपी देऊन झाला असेल तर वेळ घालवू नका. डिजिटल कर्जाच्या रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार करारापूर्वी कर्जाचं तपशीलपत्रक मिळायला हवं, त्यात खरा वार्षिक दर आणि तक्रार अधिकाऱ्याचं नाव असतं. ठरावीक मुदतीत कर्ज परत करून बाहेर पडण्याची सोयही त्यातच लिहिलेली असते. ही मुदत किमान एक दिवस असते. तेवढ्यात मुद्दल आणि त्या दिवसांचं व्याज भरून दंडाशिवाय सुटता येतं, मात्र आधी जाहीर केलेली प्रोसेसिंग फी कंपनी ठेवून घेऊ शकते. वित्त कंपनीला आणि संस्थेला, दोघांनाही त्याच दिवशी ईमेल करा.

मुदत उलटली असेल तर एक चूक टाळा: रागाने फक्त मँडेट रद्द करणं. मँडेट गेलं तरी कर्ज राहतं, दंड चढतो आणि सिबिल बिघडतं. हप्ता चालू ठेवून संस्थेकडे न झालेल्या क्लासच्या प्रमाणात परतावा लेखी मागा आणि त्याची प्रत वित्त कंपनीला द्या. कंपनीने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा तक्रार फेटाळली, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, फोन १४४४८. संस्थेविरुद्ध राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. खात्रीशीर यशाच्या जाहिरातींविरुद्ध कोचिंग क्षेत्रासाठी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची नोव्हेंबर २०२४ मधली मार्गदर्शक तत्त्वं आहेत, तक्रारीत त्यांचा उल्लेख जरूर करा. जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत जावं लागतं, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. बनावट निकालपत्र किंवा पेपर विकणाऱ्याला पैसे गेले असतील तर सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० वर, लगेच कळवा.

पुरावा म्हणून जाहिरातीचा स्क्रीनशॉट, कॉल रेकॉर्डिंग, व्हॉट्सॲप चॅट, ओटीपीचे मेसेज, करार आणि हजेरीची नोंद एका फोल्डरमध्ये तारखेप्रमाणे लावा. ॲपमधली हजेरी आधी उतरवून घ्या, कारण तक्रार गेल्यावर लॉगिन बंद होऊ शकतं.