कागदावर 34 सेंटिमीटर, पिशवीत पाणी

गावच्या गाईंसाठी वर्गणी काढून आम्ही गवळाऊ जातीचा वळू आणला. आर्वी-कारंजा पट्टा म्हणजे या जातीचं माहेर, तेव्हा जनावराची पारख आमच्याकडं कमी नाही. दात पाहिले, दोन दाती. खूर, मागच्या पायांचा टाच-सांधा, चाल, वशिंड, डोळे, सगळं नीट. फसवणूक झाली ती जिथं दलालानं हात लावू दिला नाही तिथं. "भाऊ, मागून नका जाऊ, लाथ मारते थो. कागद पाहा ना, डॉक्टरनं मोजून देल्लं हाये."

कागदावर अंडकोषाचा घेर, म्हणजे वळूची पैदाशीची ताकद जोखायचं माप, लिहिलेला होता, 34 सेंटिमीटर. खाली शिक्का. रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरला, सौदा झाला.

मग गाई उलटू लागल्या. वळू चढतो, जोर चांगला, पण एकवीस दिवसांच्या फेऱ्यात तीच गाय पुन्हा माजावर. लोक आधी गाईंनाच दोष देत राहिले, कुणी खनिज मिश्रण चारलं, कुणी नवस बोललं. एकामागून एक सगळ्यांच्याच गाई उलटल्या तेव्हा तालुक्याच्या दवाखान्यातून डॉक्टर आले. वळू खोड्यात घालून त्यांनी आधी टेप काढलाच नाही, हातानं चाचपलं. एका बाजूचा वृषण लहान आणि टणक, पिशवीला आतून चिकटलेला. बहुधा जुना मार. निरोगी वृषण पिशवीत मोकळा सरकतो. भोवती पाणी साचलं होतं, आणि आकडा फुगला होता तो या पाण्यानं.

"काका, हा आकडा कुठून आला सांगू?" डॉक्टर म्हणाले. विदेशी जातींच्या वळूंसाठी एक तक्ता वापरतात: पंधरा महिन्यांपर्यंत निदान 30 सेंटिमीटर, दोन वर्षांवर निदान 34. देशी गोऱ्हे उशिरा वयात येतात, त्यांना तो तक्ता जसाच्या तसा लागूच होत नाही. तक्त्यातला शेवटचा आकडा उचलून आमच्या कागदावर ठेवला होता, असं मला तरी पक्कं वाटतं.

मोजायची रीत डॉक्टरांनी दाखवली. पिशवी वरच्या अरुंद भागाशी, म्हणजे तिच्या मानेशी धरायची, दोन्ही वृषण खाली उतरवायचे आणि सर्वांत रुंद जागी टेप नीट टेकवायचा. अंगठा दोन वृषणांच्या मधे घातला की ते फाकतात आणि घेर खोटा वाढतो. थंडीच्या पहाटे पिशवी आखडते, तेव्हा माप कमी येतं. खुराक देऊन माजवलेल्या वळूच्या पिशवीच्या मानेत चरबी भरते, तीही नजर फसवते. आणि माप खरं निघालं तरी वीर्य तपासल्याशिवाय वळू पास होत नाही: निदान 30 टक्के शुक्रजंतू पुढं पळणारे आणि 70 टक्के आकारानं धड हवेत. ताप येऊन गेलेल्या वळूचं वीर्य दोनेक महिने बिघडलेलं राहू शकतं, म्हणून अशा वेळी एकदा तपासून भागत नाही.

दलालाला फोन केला. "बाजारातून माल निघाला की जबाबदारी संपली," एवढंच बोलला. बाजाराच्या पावतीवर रंग, शिंगं, किंमत होती. वळू म्हणून विकल्याचा शब्द नव्हता. त्याच्या त्या कागदावर कानातल्या बारा आकडी बिल्ल्याचा नंबरही नव्हता. बिल्ल्याच्या नंबराशिवायचा कागद कोणत्याही गोऱ्ह्याला चिकटतो, त्यामुळं तक्रारीतही आमचं काही चाललं नाही.

आता वळू घेणारा कुणी विचारायला आला की मी सांगतो: इसार द्या, पण उरलेले पैसे खोड्यात चाचपून, टेप लावून, वीर्य तपासून मगच. विकणाऱ्यानं डॉक्टर आणला तर आपलाही बोलवा, आणि बिल्ल्याचा नंबर कागदावर आपल्यासमोर लिहून घ्या. दलाल कुरकुर करेल, "जनावर बिचकते" म्हणेल. मारकं असेल तर खोडा आहेच की.

आमचा गोऱ्हा खच्ची करून बंडीला लावला. बैल म्हणून चांगला निघाला, पण किंमत वळूची मोजली होती, आणि गाईंचा एक हंगाम गेला तो वेगळाच.