सोडियम पाण्यात टाकायचा की मोरचुदात थर्मामीटर?

दहावीला धातूंची अभिक्रियाशीलता शिकवताना प्रयोगाला तास एकच मिळतो आणि वर्गाची फर्माईश ठरलेली असते: "सर, सोडियम टाका ना!"

मागणीत चूक काही नाही. केरोसीनमधून काढलेला सोडियम चाकूने लोण्यासारखा कापला जातो, चकचकीत काप बघता बघता काळवंडतो. घनता ०.९७ म्हणून तो पाण्यावर तरंगतो. ९८ अंशांना वितळतो म्हणून अभिक्रियेच्याच उष्णतेने त्याची गोळी होते आणि ती पाण्यावर सैरावैरा पळते. फिनॉल्फ्थॅलिन (अल्कलीत गुलाबी होणारा दर्शक) घातलं असेल तर मागे गुलाबी रेघ. पण मुगाएवढा तुकडासुद्धा कॉस्टिकचे, म्हणजे तयार झालेल्या दाहक सोडियम हायड्रॉक्साइडचे, शिंतोडे उडवू शकतो. गॉगल आणि काचेची आडभिंत नसेल तर विषयच सोडा.

माझी खरी तक्रार वेगळी आहे. जास्त धडाका म्हणजे जास्त उष्णता, असं मुलं यातून ठरवून टाकतात. प्रत्यक्षात एक मोल (म्हणजे ठरावीक संख्येइतके अणू) सोडियम पाण्याशी सुमारे १८४ किलोज्यूल देतो, तर लिथियम सुमारे २२२. तरी लिथियम शांतपणे फसफसतो, कारण तो १८० अंशांपर्यंत वितळतच नाही.

मोरचुदाचा, म्हणजे कॉपर सल्फेटमधून दुसऱ्या धातूने तांबं बाहेर काढण्याचा, प्रयोग दिसायला मिळमिळीत, पण इथे उष्णता मोजता येते. १०० मिलिलिटर द्रावणात ५ ग्रॅम मोरचूद. थर्माकोलच्या तीन पेल्यांत प्रत्येकी २५ मिलिलिटर घ्या. एकात लोहचूर्ण, दुसऱ्यात जस्ताची पूड, तिसऱ्यात मॅग्नेशियम फितीचे बारीक तुकडे, सगळं थोडं जास्तच. हिशेबाने तापमान अनुक्रमे ७, १० आणि २५ अंशांनी वाढायला हवं. हातात येतं त्याहून कमी, कारण पेला उष्णता गळू देतो आणि लोह रेंगाळतं. तरी क्रम सहसा टिकतो. निळा रंग फिकटतो, तळाशी तांबूस गाळ बसतो. ॲल्युमिनियमची फॉइल मात्र ढिम्म पडून राहते. चिमूटभर मीठ टाका, मिठातला क्लोराइड फॉइलवरचा ऑक्साइडचा थर भेदतो आणि फॉइल फसफसू लागते. वर्गातली सगळ्यात चांगली चर्चा इथे होते.

खर्चाचंही बघा. बोर्डो मिश्रणासाठी (पिकांवरच्या बुरशीनाशक फवारणीसाठी) लागतो म्हणून मोरचूद कृषी सेवा केंद्रातही मिळतो. विषारी आहे, हात धुवायला लावा आणि उरलेलं द्रावण लगेच मोरीत ओतू नका. त्यात लोखंडी खिळे टाकून ठेवा, तांबं खिळ्यांवर उतरतं.

एकच तास असेल तर मी मोरचूद घेईन आणि सोडियमचा व्हिडिओ दाखवीन. दोन तास, गॉगल आणि हाताशी अनुभवी प्रयोगशाळा सहायक असेल, तर आधी थर्मामीटर, मग सोडियम.