अरुंद झालेली महाधमनीची झडप : ओपन हार्ट, टावी की नुसत्या गोळ्या?

इकोच्या रिपोर्टवर ‘सिव्हिअर एऑर्टिक स्टेनोसिस’, म्हणजे महाधमनीची झडप फारच अरुंद झालीय, असं आलं की घरात पहिला प्रश्न निघतो, “या वयात ऑपरेशन झेपेल का?” पण त्याआधी विचारायला हवं ते हे, की काहीच केलं नाही तर काय होईल? निरोगी झडप 3 ते 4 चौरस सेंटिमीटर उघडते. ते तोंड 1 चौरस सेंटिमीटरपर्यंत किंवा त्याहून आत आलं, रक्ताचा वेग सेकंदाला 4 मीटरवर किंवा सरासरी ग्रेडियंट (झडपेच्या अलीकडच्या-पलीकडच्या दाबातला फरक) 40 मिमी पाऱ्यावर गेला, की आजार तीव्र धरतात. त्यात चढताना दम, छातीत दुखणं किंवा चालताना घेरी सुरू झाली असेल आणि झडप बदलली नाही, तर साधारण निम्मे रुग्ण दोन वर्षांत दगावतात.

“मला काही त्रास नाही” हे वडीलधाऱ्यांचं उत्तर जसंच्या तसं घेऊ नका. दम लागतो म्हणून त्यांनी जिना चढणंच सोडलेलं असतं. गेल्या वर्षी या दिवसांत काय काय करत होता, असं विचारलं की खरं चित्र दिसतं.

आधी गोळ्यांचं पाहू. लघवीच्या गोळीने सूज उतरते, दम हलका होतो, पण झडप तसूभरही उघडत नाही. स्टॅटिन या कोलेस्टेरॉलच्या गोळीनेही नाही. उलट गोळी जास्त झाली तर धोका असतो. जाड, ताठर झालेल्या हृदयाला भरायला पुरेसं रक्त लागतं. ते कमी पडलं की बीपी कोसळतं, घेरी येते, किडनीवर ताण येतो. छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवायची गोळीसुद्धा अशा रुग्णाला विचारल्याशिवाय देऊ नये, बीपी एकदम उतरू शकतं. 2010 साली प्रसिद्ध झालेल्या ‘पार्टनर’ नावाच्या चाचणीत, ओपन हार्ट न झेपणाऱ्या रुग्णांपैकी टावी (छाती न उघडता धमनीतून नवी झडप बसवणं) केलेल्या गटात वर्षभरात 30.7 टक्के मृत्यू झाले, टावी न केलेल्या गटात 50.7 टक्के. फुग्याने झडप रुंद करता येते, पण बहुधा वर्षभरातच ती पुन्हा आवळते. मोठ्या उपचारापर्यंत वेळ काढायला तेवढा उपयोग.

ओपन हार्टमध्ये छातीचं हाड कापून, हार्ट-लंग मशीनवर जुनी झडप काढून नवी शिवतात. साधारण आठवडाभर दवाखाना, हाड जुळायला 6 ते 8 आठवडे. या काळात हातांवर जोर देऊन उठायचं नसतं. ज्यांचे गुडघे कमजोर आहेत, ते खुर्चीतून उठतात हातांच्याच बळावर. त्यांच्यासाठी ही अडचण ऑपरेशनहून मोठी ठरते, तेव्हा सतत सोबत कोण राहणार ते आधी ठरवा. रक्तस्राव, हृदयाचे अनियमित ठोके आणि ऑपरेशननंतर काही दिवस होणारा भ्रम हे इथले नेहमीचे त्रास.

टावीत जांघेतल्या धमनीतून नवी झडप नेऊन जुनीच्या आतच उघडतात. बहुतेकदा पूर्ण भूल लागत नाही आणि रुग्ण दोन-तीन दिवसांत घरी येतो. पण जुनी झडप निघत नाही, ती कडेला दाबली जाते. तिच्या लगेच खालून हृदयाचे ठोके वाहून नेणारे तंतू जातात. ते दाबले गेले तर कायमचा पेसमेकर बसवावा लागतो. ईसीजीत आधीपासून ‘राइट बंडल ब्रांच ब्लॉक’ (याच तंतूंच्या उजव्या फांदीतला अडथळा) असेल तर ही शक्यता बरीच वाढते, म्हणून जुना ईसीजी सोबत न्या. कडेने थोडी गळती राहणं आणि जांघेतल्या धमनीला इजा होणं हेही टावीत जास्त. पक्षाघाताचा धोका दोन्हीकडे आहे.

टावी जमेल का हे सीटी स्कॅन ठरवतो. झडपेचं माप, कॅल्शियम कुठे साचलंय, आणि जांघेची धमनी साधारण साडेपाच-सहा मिलिमीटर मोकळी आहे का, हे त्यात कळतं. स्कॅनचं औषध किडनीला जड जातं, म्हणून आधी रक्तातलं क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी तपासणी) तपासा. झडपेला जंतुसंसर्ग असेल किंवा बायपासही लागणार असेल, तर शस्त्रक्रियेचं पारडं जड होतं.

वयाचं म्हणाल, तर अमेरिकेच्या 2020 च्या मार्गदर्शक तत्त्वांत 65 च्या आत शस्त्रक्रिया, 80 च्या पुढे टावी आणि मधल्यांनी चर्चेने ठरवावं असं आहे. युरोपने 2021 मध्ये टावीकडे कल धरायचं वय 75 ठेवलं होतं, 2025 मध्ये ते 70 वर आणलं. आमच्या मते जन्मतारखेपेक्षा चाल जास्त सांगते. 5 मीटर चालायला 6 सेकंदांहून जास्त लागत असतील, तर शस्त्रक्रियेचा धोका वाढतो.

दोन्हींआधी दात तपासून घ्या. किडलेल्या दातातले जंतू नव्या झडपेवर जाऊन बसतात.

स्मृतिभ्रंश खूप पुढे गेला असेल किंवा दुसऱ्या आजारामुळे वर्षभराचंच आयुष्य उरलं असेल, तर झडपेला हात न लावणं हाही योग्य निर्णय असतो. तसं ठरलं तर वजन किती वाढलं की लघवीची गोळी किती वाढवायची, आणि रात्री दम वाढला तर कोणाला फोन करायचा, हे डॉक्टरांकडून लिहून घ्या आणि कागद रुग्णाच्या पलंगाशी ठेवा.