सुरक्षित खोली शोधताना फसले

कुडाळ स्टेशनबाहेर मी सव्वा तास उभी होते. पाठीवर सॅक, हातात फोन, आणि ज्याचा भाऊ मला घ्यायला येणार होता त्या माणसाचा नंबर बंद. माझ्याबरोबर कोकणकन्येतून उतरलेली माणसं केव्हाच पांगली होती. एक रिक्षावाले काका दोनदा विचारून गेले, "ताई, मालवणाक जातलास?" दोन्ही वेळा मी मान हलवून नाही म्हटलं, कारण "अनोळखी रिक्षात बसू नका, आमची गाडी येईल" असं मला फोनवर बजावलं होतं. बजावणारा तोच, ज्यानं माझे पैसे घेतले होते. त्या काकांना मात्र मी संशयानं पाहत होते, याचं मला आजही वाईट वाटतं.

पहिल्यापासून सांगते. मी डोंबिवलीला राहते, शाळेत शिकवते. दिवाळीच्या सुट्टीत चार दिवस एकटीनं तारकर्ली-देवबागला जायचं ठरवलं. एकटीचा पहिलाच प्रवास. घरच्यांनी बाईला सांगतात ते सगळं सांगितलं. अंधार पडल्यावर किनाऱ्यावर थांबू नकोस, कुणी दिलेलं खाऊ नकोस, लोकेशन पाठवत राहा. मी शिट्टी घेतली, मिरचीचा स्प्रे घेतला. आणि पैसे गेले ते यातलं काहीही घडण्याआधी, घरी बसून, दिवसाउजेडी.

दिवाळी ते नाताळ या काळात मालवणकडे खोली मिळणं मुश्कील असतं. तीन-चार ठिकाणी "फुल आहे" ऐकल्यावर नकाशाच्या अ‍ॅपवर देवबागचं एक घरगुती होमस्टे दिसलं. माडांची बाग, खळ्यात तुळस, पर्यटकांचे चांगले अभिप्राय. तिथं दिलेल्या नंबरवर फोन केला. पहिलंच वाक्य मी काय बोलले असेन? "मी एकटीच येतेय, तुमच्याकडे सेफ आहे ना?"

या एका वाक्यात मी त्याला सगळं देऊन टाकलं. मी एकटी आहे, मी घाबरलेली आहे, आणि मला काय ऐकायचं आहे. पुढं तो मला खोली विकतच नव्हता, निर्धास्तपणा विकत होता. "ताई, आमच्याकडे लेडीज एकट्याच येतात. आई घरीच असते, तिच्याशी बोला." एका बाईचा आवाज आला, "पोरी, निश्चिंत ये, माझ्या लेकीसारखी राहशील." माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. लहानपणी आमच्या चाळीत शेजारी मालवणी कुटुंब होतं, त्यामुळे त्या भागातल्या वयस्कर बाईच्या बोलण्यातला हेल मला ठाऊक आहे. 'गो' नाही, 'मगे' नाही, हे कानाला खटकलं होतं. तेवढ्यावरून काही सिद्ध होत नाही हे खरं, पण खटकलेलं मी दोन मिनिटांत बाजूला सारलं.

तीन रात्रींचे ६,६०० ठरले. २,३०० आगाऊ पाठवले. पाठवताना यूपीआयवर भलतंच नाव दिसलं. विचारलं तर "मेव्हण्याचं खातं आहे, आमचं बँकेचं काम चालू आहे." दुसऱ्या दिवशी फोन आला की एकट्या महिलेसाठी पोलिसांच्या नियमाप्रमाणे २,००० डिपॉझिट घ्यावं लागतं, निघताना परत. असा कुठलाही नियम नाही. पण माझ्या मनात पोलीस आणि सुरक्षितता हे शब्द एकत्र आले आणि मला उलट बरंच वाटलं, लोक किती काळजी घेतात! शंका विचारली तेव्हा त्यानं पर्यटन खात्याच्या निवास-न्याहारी योजनेच्या प्रमाणपत्राचा फोटो पाठवला, थोडा धूसर. ही योजना खरी आहे आणि कोकणातली कितीतरी घरं तिच्यात नोंदलेली आहेत. पर्यटन खात्याच्या कार्यालयात एक फोन करून या नावाचं घर नोंदलेलं आहे का एवढंच विचारायचं होतं. मी फोटो पाहून गप्प बसले.

मग आधार कार्ड मागितलं, तेही दिलं. गाडी, डबा, सीट नंबर मागितला, "म्हणजे भाऊ डब्यापाशी येईल." तोही दिला. पैशांपेक्षा हे जास्त भयंकर होतं, हे मला फार उशिरा उमगलं. कधीही न पाहिलेल्या माणसाला मी एकटी बाई रात्री कोणत्या डब्यात कोणत्या सीटवर झोपणार आहे ते लिहून दिलं होतं. त्याला फक्त पैसेच हवे होते म्हणून मी आज हे लिहिते आहे.

शेवटचा घाव गाडीत बसला. राजापूर रोड मागं पडलं होतं. त्या पट्ट्यात एकामागून एक बोगदे, रेंज येते आणि जाते. फोन वाजला, "ताई, कोल्हापूरची फॅमिली दारात उभी आहे, पूर्ण पैसे देतेय. तुमचे ४,३०० आत्ता आले तर खोली धरून ठेवतो." बोगदा. फोन तुटला. बाहेर पडताच पुन्हा, "ताई लवकर, परक्या गावात कुठं फिरणार तुम्ही सामान घेऊन?" पुढचा बोगदा यायच्या आत मी पैसे पाठवले. त्यानंतर तो नंबर लागला नाही.

कुडाळला शेवटी मी त्याच रिक्षावाल्या काकांना एसटी स्टँडवर सोडायला सांगितलं. तिथून अर्ध्या तिकिटात मालवण, मग दुसरी रिक्षा करून देवबाग. घर होतं. फोटोतलंच, तीच बाग, तीच तुळस. फाटकावरच्या पाटीवर फोन नंबर होता, आणि तो माझ्या फोनमधला नव्हता.

आतून काकी आल्या. मी नंबर दाखवला. "अगो, ह्यो नंबर आमचो न्हयच. पैसे धाडलंस काय?" मी मान हलवली. "दिवाळीपासून तू तिसरी. बस हंय. आदी च्या घे."

झालं होतं असं. नकाशाच्या अ‍ॅपवर कुणालाही माहितीत बदल सुचवता येतो. ज्या व्यावसायिकानं आपली नोंद स्वतःच्या ताब्यात घेतलेली नसते, त्याचा नंबर कुणी बदलला तर त्याला पत्ताच लागत नाही. काकींनी ती नोंद केलीच नव्हती, कुणा पाहुण्यानं हौसेनं केली होती. घर खरं, फोटो खरे, अभिप्राय खरे, फक्त नंबर चोराचा. त्यामुळे "अभिप्राय वाचून घ्या" हा नेहमीचा सल्ला इथं उपयोगाचा नव्हता. पण त्याच पानावर पर्यटकांनी टाकलेल्या फोटोंत एकीनं फाटकापाशी उभं राहून काढलेला फोटो होता, मागं पाटी, पाटीवर खरा नंबर, वाचता येईल असा. मी तो फोटो पाहिला होता, नंबराकडे पाहिलं नव्हतं. आता कुठंही जायचं असलं की मी आधी पाटीचा फोटो शोधते. सापडला नाही तर जागेवरून व्हिडिओ कॉल करायला सांगते, फाटक आणि रस्ता दाखवा म्हणते. ज्याचं घर आहे तो फार तर वैतागेल, पण दाखवेल.

काकींच्या मुलानं तिथंच मला १९३० वर फोन लावायला लावला. सायबर आर्थिक फसवणुकीसाठीचा हा देशभरचा क्रमांक आहे. त्यांनी बँकेचं नाव, रक्कम, वेळ, ज्या यूपीआय आयडीवर पैसे गेले तो आणि प्रत्येक व्यवहाराचा बारा आकडी क्रमांक विचारला. हे सगळं पेमेंट अ‍ॅपच्या इतिहासात असतं. फोन करण्याआधी कागदावर लिहून घ्या, कारण त्या क्षणी हात थरथरतात. नंतर राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर पूर्ण तक्रार भरली आणि पोलीस ठाण्यातही दिली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार दखलपात्र गुन्हा कुठंही घडलेला असो, माहिती कोणत्याही ठाण्यात देता येते. "तुमच्या गावी जाऊन द्या" असं कुणी म्हणालं तर हे शांतपणे सांगा.

शेवटचे ४,३०० चोरानं पुढं ज्या खात्यात वळवले, तिथं थांबवले गेल्याचं मला कळवलं आहे, ते अजून माझ्या हाती आलेले नाहीत. आगाऊ आणि डिपॉझिट मिळून आधीचे ४,३०० गेले, ते काढून घेतले गेले होते. स्टेशनवर घालवलेला सव्वा तास आणि त्यानंतरचा प्रवास, एवढा वेळ मी मदत मागितलीच नाही. 'येईल भाऊ' या आशेपेक्षाही 'शाळेतल्या बाई असून फसल्या' असं लोक म्हणतील ही लाज मोठी होती. ती लाज बाजूला ठेवून गाडीतूनच १९३० फिरवायला हवा होता. बँकेनं सांगितलं की पिन तुम्हीच टाकलात, म्हणून व्यवहार अनधिकृत धरता येणार नाही. म्हणजे पैसे स्वतः पाठवले असतील तर मुख्य भिस्त १९३० वरच, तोही वेळेत केला तर.

आधार कार्डाचं म्हणाल तर त्याच संध्याकाळी बायोमेट्रिक लॉक करून टाकलं, म्हणजे माझ्या बोटांचे ठसे कुणाला वापरता येऊ नयेत. कुणाला ओळखपत्र पाठवावंच लागलं तर 'मास्क्ड आधार' मिळतं, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. मला ते माहीत नव्हतं. आणि गाडीचा डबा, सीट, पोचायची वेळ घरच्यांशिवाय कुणालाही नाही. "दुपारपर्यंत येते" एवढं यजमानाला पुरतं. एकट्या आहात का असं कुणी विचारलं तर "बहीण मागून येतेय" म्हणा. याला मी खोटं बोलणं मानत नाही.

काकींकडे खोल्या खरंच भरलेल्या होत्या. तरी त्यांनी मला जाऊ दिलं नाही. माजघरात त्यांच्या शेजारी अंथरूण घातलं, तीन रात्री. पैसे घ्यायलाही तयार नव्हत्या, मी जेवणाचे बळेच दिले. एका संध्याकाळी कर्ली नदी समुद्राला मिळते तिथं त्या माझ्याबरोबर आल्या आणि कोणत्या बाजूला ओढ असते, कुठं पाण्यात उतरायचं नाही, ते बोट दाखवून सांगितलं.

निघण्याआधी त्यांच्या मुलाबरोबर बसून ती नोंद घराच्या नावावर करून घेतली, नंबर दुरुस्त केला. शेजारपाजारच्या आणखी घरांचे नंबर पाटीशी ताडून पाहिले, दोन चुकीचे निघाले. एक घरमालक मुंबईत असतात, त्यांच्या नोंदीला अजून वाली नाही. तिथला नंबर मी बदलला की आठ-दहा दिवसांत पुन्हा चोराचा होतो. म्हणून दर रविवारी मी तो उघडून बघते. आज सकाळी पुन्हा बदललेला होता. दुरुस्तीची विनंती पाठवली आहे.